बाऊ

ट्रेनिंगला आलेल्या सिस्टरांना मी पहिल्या तासाला काहीच शिकवत नाही. मार्कर त्यांच्या हातात देते आणि सांगते, दुखण्यासाठी जेवढे शब्द येतात तेवढे फळ्यावर लिहा. आधी एकमेकींकडे बघून हसतात. मग कुणीतरी उठून ‘ठणका’ लिहितं आणि त्यानंतर थांबवावं लागतं. कळ, चमक, सणक, उसण, ठसठस, चुरचुर, भगभग, आग, झोंबणं, खुपणं, बोचणं, मुरडा, रग, सल. मागच्या बॅचमध्ये विजापूरकडची एक होती, तिने ‘नोवु’ लिहिलं. केरळच्या सिस्टरने ‘वेदना’ लिहिलं तेव्हा सगळ्या हसल्या. आपल्याकडे वेदना कवितेत होते नाहीतर शोकसंदेशात. तिने शांतपणे सांगितलं, आमच्याकडे दाढ दुखली तरी वेदनाच म्हणतात.

फळा भरला की दुसरा प्रश्न. गेल्या आठवड्यात केस पेपरवर यातला कुठला शब्द लिहिलात?

कुठलाच नाही. केस पेपरवर असतं ‘चाइल्ड इरिटेबल’. किंवा ‘क्राइंग प्लस’. फारच रडत असेल तर ‘क्राइंग प्लस प्लस’. म्हणजे त्या मुलाचा आवाज आमच्यापर्यंत पोचला, एवढीच नोंद. त्याला काय होत होतं ते कागदावर आलंच नाही. आणि हॉस्पिटलात जे कागदावर नाही ते झालंच नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही माहीत असतं.

मी मूळची उदगीरची. मुलांच्या वॉर्डात चौदा वर्षं काढली. आता पिंपरी-चिंचवडमधल्या एका रुग्णालयात नर्सना शिकवते, आणि मोशी, चिखली, चाकणकडच्या लहान हॉस्पिटलांमधूनही मुली येतात. विषयाचं कागदावरचं नाव ‘बालरुग्णांमधील वेदना व्यवस्थापन’. मनातल्या मनात मी त्याला बाऊचा तास म्हणते.

बाऊ हा शब्द मला फार दिवस पुरलाय. मूल धडपडलं, खरचटलं की आपण विचारतो, ‘बाऊ झाला?’ बोलायला लागलेल्या मुलाच्या पहिल्या पंधरा-वीस शब्दांत तो असतोच. तेच मूल पाच-सहा वर्षांचं झालं की ऐकतं, ‘एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस.’ म्हणजे कालपर्यंत जे दुखणं होतं ते आज नाटक झालं, शब्द मात्र तोच. आणि तिसरा बाऊ म्हणजे भीती घालायचा, बागुलबुवाचा चुलतभाऊ. आमच्या वॉर्डात हा तिसरा बाऊ म्हणजे मी. ‘जेव बघू, नाहीतर सिस्टर सुई टोचेल.’ कॉटशेजारून जाता जाता हे मी किती वेळा ऐकलंय, मोजलेलं नाही. मी फक्त ताप बघायला आलेली असते आणि पोरगं उशीखाली शिरतं.

‘लहान आहे, त्याला कुठे कळतंय’ हे फक्त आजीचं म्हणणं नव्हतं. हे मोठमोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये जेफ्री लॉसन नावाच्या, दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळाच्या हृदयाजवळ शस्त्रक्रिया झाली. त्याला हलता येऊ नये म्हणून स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं होतं. दुखू नये म्हणून काहीही दिलं नव्हतं. बाळ काही आठवड्यांनी गेलं. काय झालं होतं ते त्याच्या आईला, जिल लॉसनला, नंतर समजलं. तिने पत्रं लिहिली, पाठपुरावा केला आणि १९८६ मध्ये ती गोष्ट वर्तमानपत्रात आली. लोक हादरले, पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या बाळाच्या बाबतीत वेगळं काही घडलं नव्हतं. तेव्हाची पद्धत तीच होती. इतक्या लहान बाळाच्या नसा पुऱ्या तयार झालेल्या नसतात आणि भुलीचं औषध त्याला सोसणार नाही, असा समज होता.

तो समज मोडण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस आपल्या शेजारच्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला, कंवलजीत सिंग आनंद. पुढे ऑक्सफर्डला संशोधन करताना त्यांना दिसलं, की ऑपरेशनहून परत येणारी अगदी छोटी बाळं फारच वाईट अवस्थेत असतात. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ज्या बाळांना फेन्टॅनिल हे वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली. म्हणजे वेदना थांबवणं ही मायेची गोष्ट तर होतीच, पण जीव वाचवण्याचीही होती. वर्गात हे सांगते तेव्हा सन लिहून ठेवते, १९८७. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या आयांचा जन्मही त्याआधीचा असतो.

‘बरं, दुखतं, पण विसरेल ना?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. टोरोंटोमधला १९९७ सालचा एक अभ्यास आहे. जन्मल्यावर काही दिवसांत सुंता झालेली मुलगे-बाळं चार ते सहा महिन्यांची झाल्यावर लसीकरणाला आली. ज्यांना तेव्हा बधिर करणारं मलम लावलं नव्हतं ती सुईला जास्त रडली. त्या बाळांना काही ‘आठवत’ नव्हतं. अंगाने लक्षात ठेवलं होतं.

आता आमच्याकडचं सांगते.

चाकण, महाळुंगे, नाणेकरवाडी, तळवडे, भोसरी. ज्या एमआयडीसीतून देशाच्या गाड्या बाहेर पडतात, तिथे काम करणारी माणसं एका खोलीत राहतात. दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. त्यातच गॅस, त्यातच गादी, त्यातच मोरी. फर्स्ट शिफ्टची बस गाठायची म्हणून पहाटे बादलीत रॉड लावलेला असतो. बादली जमिनीवर, मूल जमिनीवर. नाहीतर चहाचं पातेलं खाली उतरवून ठेवलेलं असतं आणि रांगतं बाळ त्या दिशेने जातं. भाजलेली मुलं आमच्याकडे येतात त्यातली कित्येक अशी. थंडीत जास्त.

भाजल्यावर पहिलं वेदनाशामक म्हणजे पाणी. भाजलेली जागा वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. त्यामुळे मी सिस्टरांना सांगते, आयांना नुसतं ‘नळ’ म्हणू नका. पिंपातलं पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा म्हणावं, बर्फ नको, टूथपेस्ट नको. शिकवण्यात अर्धा वेळ असाच जातो, पुस्तकातलं वाक्य आपल्या खोलीत बसेल असं करण्यात.

मग येतं ड्रेसिंग. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळेल का, माहीत नाही. वरवर भाजलेली जखम खोल भाजलेल्यापेक्षा जास्त दुखते, कारण तिथल्या नसांची टोकं जिवंत आणि उघडी असतात. त्यावरची कालची पट्टी आज काढायची, धुवायचं, नवी लावायची. परवा परत. ड्रेसिंग रूमच्या दारापर्यंत उचलून नेईस्तोवर मूल शहारायला लागतं. दार ओळखतं, स्पिरिटचा वास ओळखतं, ट्रॉलीचा आवाज ओळखतं.

नर्सिंगच्या पुस्तकात ‘ममी रिस्ट्रेंट’ नावाची पद्धत आहे. चादर कशी दुमडायची, मुलाचे हात कसे आत घ्यायचे, कसं गुंडाळायचं. परीक्षेत विचारतात, आम्ही सगळ्यांनी ते करून दाखवून मार्क मिळवलेत. त्याच पुस्तकात वेदनेवर मात्र पान-दीड पान. त्यामुळे ‘धरा, धरा’ हा आम्हाला उपचाराचाच भाग वाटतो. एक मावशी पाय धरते, एक सिस्टर हात, बापाला बाहेर काढतात कारण तो रडायला लागतो.

वर्गात मी एकीला टेबलावर उताणी झोपवते आणि चौघींना तिचे हातपाय धरायला सांगते. फक्त एक मिनिट. काही करायचं नाही, फक्त धरायचं आणि आपापसात डब्याबद्दल बोलायचं. पहिल्या दहा सेकंदांत झोपलेली हसते. पस्तिसाव्या सेकंदाला तिचा चेहरा बदलतो. एकदा एक अनुभवी, पन्नाशीच्या आतबाहेरच्या सिस्टर झोपल्या होत्या. उठल्यावर साडी नीट केली आणि म्हणाल्या, ‘छत किती वाईट दिसतं हो इथलं.’ एवढंच. नंतर त्यांच्या वॉर्डातल्या ड्रेसिंग रूमच्या छताला कागदी पतंग चिकटवलेले मी पाहिले.

यानंतर जे शिकवायचं ते खरं तर अगदी साधं आहे. औषध ड्रेसिंगच्या आधी द्यायचं, नंतर नाही. तोंडाने दिलेलं पॅरासिटामॉल लागू व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, मग ट्रॉली तेव्हाच बाहेर काढायची. डोस वजनावर, किलोला पंधरा मिलिग्रॅम. दहा किलोचं मूल असेल तर दीडशे. बाटली ‘१२५’ची असेल तर सहा मिली, ‘२५०’ची असेल तर तीन. ही दोन बाटल्यांची गल्लत फळ्यावर चार-चार वेळा करून घेते, कारण घरी आयाही ‘अडीचशेवालं’ म्हणूनच औषध ओळखतात. मोठ्या ड्रेसिंगला सिरपने भागत नाही. तिथे भूलतज्ज्ञाला बोलवायचं, केटामाइनसारखं औषध त्यांच्या देखरेखीत. पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला उताणं पाडायचं नाही, आईच्या मांडीवर छातीला छाती लावून बसवायचं. आणि मुलाच्या स्वतःच्या कॉटवर सुई किंवा ड्रेसिंग, दोन्ही नाही. वॉर्डात तेवढी एक जागा तरी अशी हवी, जिथे त्याला कुणी काही करणार नाही.

साबणाच्या फुग्यांची बाटली मी पर्समध्ये ठेवते. आळंदीला इंद्रायणीच्या घाटाजवळ मिळते तीच. फुगा करायचा तर श्वास लांब आणि हळू सोडावा लागतो आणि लांब श्वास सोडताना अंग आवळून धरता येत नाही. आपल्याकडे आई फुंकर घालते. भाजलेल्या उघड्या जखमेवर मात्र ती घालू नये, तोंडातले जंतू जातात. म्हणून मी फुंकर मुलाच्या तोंडी दिली.

मोजण्याबद्दल. हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांची पट्टी तुम्ही कुठल्यातरी क्लिनिकच्या भिंतीवर पाहिली असेल. ती डोना वाँग नावाच्या नर्सने आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टल्सा शहरात तयार केली, भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना. मुलांकडूनच चेहरे काढून घेतले होते. आमच्यासारखाच वॉर्ड, आमच्यासारखीच मुलं, म्हणून मला त्या पट्टीबद्दल जरा जास्त माया आहे. तरी ती चारचौघांसारखीच फसते. मुलं कधी कधी दुखणारा चेहरा न दाखवता आवडणारा चेहरा दाखवतात. एकाने सगळ्यात रडका चेहरा दाखवला आणि म्हणाला, ‘हा मम्मी.’

जी बोलत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी पद्धत. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत. प्रत्येकाला शून्य ते दोन, बेरीज दहापैकी. ‘फ्लॅक’ म्हणतात तिला. यातलं ‘समजूत’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उचलून घेतल्यावर शांत होतं का? होत असेल तर भीती असेल, भूक असेल. कडेवर घेऊनही थांबत नसेल तर औषधाच्या कपाटाकडे जा.

पण आकड्यात न सापडणारं एक मूल असतं. मी त्याच्यासाठीच हा तास घेते असं म्हटलं तरी चालेल. ते रडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहतं, खेळणं दिलं तर हातात तसंच धरून ठेवतं. इंजेक्शनला हात पुढे करतं. राऊंडला सगळे म्हणतात, किती शहाणं बाळ आहे. आईलाही बरं वाटतं, आपलं पोर गुणी निघालं. ते गुणी नसतं. त्याला कळून चुकलेलं असतं की रडून काही होत नाही. दिवसेंदिवस दुखत राहिलं की मूल असं विझतं. औषध पोचल्यावर तेच मूल रडायला, भांडायला, पाण्याचा ग्लास पाडायला लागतं, आणि मग वॉर्ड तक्रार करतो. शहाणं मूल बिघडलं की ट्रेनिंग उपयोगी पडलं, असं मी सिस्टरांना सांगते.

लसीकरणाच्या दिवसाचं थोडक्यात. दीड महिन्याच्या बाळाला एका दिवशी दोन मांड्यांत आणि एका दंडावर अशा तीन सुया बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय, की आईने बाळाला पाजत असताना किंवा पाजल्यावर लगेच टोचा, जास्त झोंबणारी लस शेवटी द्या, सुई आत गेल्यावर दांडा मागे ओढून बघू नका. यातल्या एकालाही पैसा लागत नाही. लागते ती पदर घेऊन बसायला एक खुर्ची आणि रांग थांबवायची हिंमत. रांगेत पन्नास बायका उन्हात उभ्या असतात.

मॉर्फिनचं नाव काढलं की वर्गात कुजबुज होते. सवय लागेल, श्वास थांबेल, पोलीस येतील. तिन्ही भीत्या कुठूनतरी आल्यात. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. आणि नीमच, गाझीपूरला अफूचे सरकारी कारखाने चालूच होते. आपल्या शेतातली अफू जगाचं दुखणं थांबवत होती. २०१४ मध्ये कायदा सैल झाला. कॅन्सर झालेल्या मुलाचं असह्य दुखणं पॅरासिटामॉलने थांबत नाही. तिथे योग्य डोसमध्ये मॉर्फिनच लागतं. २०१२ सालच्या जागतिक मार्गदर्शनात तर मुलांसाठीची मधली, कोडीनची पायरीच काढून टाकली, कारण कोडीनचं मुलाच्या शरीरात नक्की किती मॉर्फिन होईल हे सांगता येत नाही. वाकडहून हायवेने वारज्याला गेलं की सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर लागतं. १९९७ पासून चालू आहे, उपचार मोफत. भीती घालवायची तर अशा ठिकाणी काम करणाऱ्या नर्सशी बोलावं. अमेरिकेत याच्या उलटं झालं, तिथे दुखण्याचा आकडा विचारून विचारून गोळ्या वाटल्या गेल्या आणि माणसं मेली. ते मी लपवत नाही. पण आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे भाजलेल्या मुलाच्या कागदावर ‘एसओएस’ लिहिलेलं असतं.

एसओएस म्हणजे गरज लागली तर द्या. गरज कुणी ठरवायची? रात्री तीस खाटांना दोघी असतात. मूल ओरडलं तर गरज. शहाणं असेल तर गरज नाही. म्हणून वेदनेचं औषध घड्याळावर लिहून घ्या, दर सहा तासांनी, असा आग्रह धरायला शिकवते. इथे खरी अडचण येते. नर्स औषध लिहून देऊ शकत नाही. तिला डॉक्टरला सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर ‘इतकं काय, लहान मुलं रडतातच’ हे ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे बाऊ करू नका, हे आता तिलाच. कंत्राटावरची बावीस वर्षांची मुलगी, अकरा महिन्यांची ऑर्डर, तिने पहाटे दोनला दुसऱ्यांदा फोन करायचा. हे कुठल्या स्लाइडवर शिकवणार? मी आकडा शिकवते. ‘खूप रडतोय’ म्हणू नकोस, ‘दहापैकी सात आहे, मांडीवर घेऊनही थांबत नाही, शेवटचा डोस सात तासांपूर्वी’ असं म्हण. आकड्याला झटकणं जरा अवघड जातं.

शिकलेल्यांपैकी बऱ्याच दोन-तीन वर्षांत जातात. आखात, जर्मनी, नाहीतर सरकारी भरती. मला वाईट वाटतं आणि वाटतही नाही. पगार बघितला तर मीही गेले असते.

मागच्या महिन्यात चाकणजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलातल्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. नाव-गाव झाकलेलं. टीपीआरच्या छापील कागदावर, ताप, नाडी, श्वास या तीन रकान्यांच्या पुढे तिने स्केलने एक चौथा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं ‘दुखणं’. खाली निळ्या बॉलपेनने:

२.०० – ७. डॉक्टरांना कळवलं.
२.२० – ७. परत कळवलं.
२.३५ – औषध दिलं.
३.२० – ३. झोपला.

फोटोखाली तिचा प्रश्न होता. ‘मॅम, “परत कळवलं” असं लिहिलेलं चालतं ना?’

मी लिहिलं, वेळ टाकलीस ना, मग चालतं.